मुलांच्या ओळीची जागा

९ जानेवारी

प्रिय काटकोन,

तुझा पत्ता वहिनींकडून काढून घेतला. फोनवर त्या म्हणाल्या, "हे बाहेर फिरायला गेलेत," आणि मागे तुझं खोकणं मला स्वच्छ ऐकू येत होतं. इतकी वर्षं वर्गाच्या पातळ भिंतीतून ऐकलेलं खोकणं, ते समुद्रापलीकडून आलं म्हणून मी ओळखणार नाही होय? पण काही बोललो नाही. "थंडीचं जपून फिरा म्हणावं," एवढंच म्हटलं. खोटं बोलायचं म्हणजे वहिनींच्या जिवावर येतं रे. त्यांना तरी यात ओढू नकोस.

मुलीकडे राहायला गेलास, चांगलं केलंस. पण असा? शेवटच्या दिवशी फळा पुसलास, डस्टर कठड्यावर झटकलास, खडूची पेटी माझ्या टेबलावर ठेवलीस आणि "गवया, तुझं तू बघ" म्हणून चालता झालास. नव्या बोर्डासाठी सगळ्यांत आधी मी हात वर केला, एवढाच ना माझा गुन्हा? अरे, जन्मभर पोरांना 'हात वर करा' म्हणत आलो. एकदा माझा वर गेला.

तर बातम्या. तुझ्या वर्गातला फळा उतरवला. भिंतीवर त्याच्या जागी फिकट चौकोन उरला होता... आयत, आयत. ओरडू नकोस. त्यावर आता पांढरा बोर्ड बसलाय. बोट लावलं की उजळतो. माझ्या वर्गातही तसलाच. पहिल्या दिवशी मी सवयीनं खडू घेऊन गेलो आणि त्यावर तारीख लिहिली. पोरं हसून हसून बाकाखाली गेली. ओल्या फडक्यानं पुसलं तरी एक ओरखडा राहिलाच. मोठ्या बाई आल्या, मुख्याध्यापिकेचा चेहरा लावून म्हणाल्या, "सर, हा फळा नाही." मी म्हटलं, "बाई, त्याला कळेल हळूहळू."

माझं म्हणणं तेव्हा तू ऐकून घेतलं नाहीस, आता कागदावर तरी ऐक. शाळेचं हे वर्ष संपलं की मी निवृत्त होतोय. पुस्तकात कवितेचे शब्द असतात, चाल नसते. चाल मला माझ्या गुरुजींनी दिली आणि ती माझ्याबरोबर घरी जाऊन बसणार होती. बोर्डात माझा आवाज राहिला, तर मी नसतानाही तास चालेल. आवाज ओळ म्हणेल, थांबेल, आणि पोरं तीच ओळ परत देतील. जसं आजवर झालं तसंच.

नावाड्या रे, हळू वल्हव, पाणी आत्ता निजले,
काठावरचे दिवे कुणाचे अजून नाही विझले.

'विझले'वर सातवीचा वर्ग छप्पर उचलायचा आणि पलीकडून तू भिंत ठोकायचास. "गवया, तुझ्या नावाड्यानं माझे अपूर्णांक बुडवले!" तुला सांगू का, तुझं ठोकणं नेमकं तालात पडायचं.

आणि खिडकीजवळची टाचणी? तीच, काडीसारखी, जिचं उत्तर पाटीवर नेहमी बरोबर असायचं आणि तोंडातून कधी यायचं नाही. अजूनही तिला एकटीला उभं केलं की पहिल्याच अक्षरावर अडते. मान ताणते, डोळे मिटते, आणि वर्ग खुसखुसतो. पण सगळ्यांबरोबर कविता म्हणताना एक अक्षर अडकत नाही तिचं. गर्दीत हात धरून चालल्यासारखी चालते. आणि आवाज काय गोड! 'विझले'चा शेवटचा स्वर सगळे सोडतात, ती धरून ठेवते. पुढच्या वर्षी मी नसेन, पण ती असेल. तिला ती जागा हवी. मी हात का वर केला ते आता तरी कळलं?

लिही दोन ओळी.

तुझा गवई


२ फेब्रुवारी

प्रिय काटकोन,

रेकॉर्डिंग झालं. चित्रकलेच्या खोलीत. खिडक्यांना गोधड्या लावल्या, पंखा बंद केला, आणि कंपनीची एक मुलगी गळ्यात हेडफोन अडकवून समोर बसली. नम्र होती. "काका, पाणी हवंय का?" असं मधून मधून विचारायची.

रिकाम्या बाकांपुढे कविता म्हणायची म्हणजे काय, ते तुझ्यासारख्या आकडेवाल्याला कळायचं नाही. आधी चाल येईना. मग मी डोळे मिटले आणि सातवीचा वर्ग आणला समोर. पहिल्या बाकावरचा तो जांभया देणारा, मागचे दोघे एकमेकांना पाय मारणारे, खिडकीत टाचणी. मग आली चाल. ओळ म्हटली, थांबलो. पुढची म्हटली, थांबलो.

पहिली कविता संपली तेव्हा ती मुलगी म्हणाली, "काका, मध्ये मध्ये अडखळलात का? आपण परत घेऊ या."

"अडखळलो नाही. त्यांची पाळी होती."

"कोणाची?"

मी बाकांकडे हात केला. तिनं वळून पाहिलं बिचारीनं. मग हसली. "अच्छा. म्हणजे गॅप ठेवायचा."

"जागा ठेवायची," मी म्हटलं. "मुलांच्या ओळीची."

तिनं समजल्यासारखी मान हलवली. मान हलवणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी तू स्टाफरूममध्ये काय म्हणायचास ते मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

पुस्तकातल्या सगळ्या कविता झाल्या. शेवटी तिनं काही सुटी वाक्यं म्हणायला दिली. बोर्ड ती लागतील तशी वापरतो म्हणे. 'शाब्बास.' 'घाई नको.' 'पुन्हा म्हण, बाळा.' 'एका वेळी एकानंच बोलायचं.' हे शेवटचं मी कवितेच्या तासाला जन्मात कधी म्हटलेलं नाही, तरी म्हणून दिलं. 'पुन्हा म्हण, बाळा' मात्र तिनं तीन-चार तऱ्हांनी म्हणून घेतलं आणि म्हणाली, "काका, हे किती मायेनं म्हणता हो तुम्ही!"

घरी येताना मी रस्त्यानं गुणगुणत होतो. एका दुकानदारानं विचारलंही, "काय मास्तर, लग्न ठरलं का?" या वयात! वहिनींना सांग, हसतील.

तुझा गवई


२४ फेब्रुवारी

प्रिय काटकोन,

तुझं पत्र नाही. टपालाचा घोळ असेल.

बोर्डावर माझे तास सुरू झाले. फार छान चाललंय. आवाज घुमतो, मागच्या बाकापर्यंत जातो. कवितेत नाव आली की पडद्यावर नाव येते, पाणी हलतं. पोरं खूश आहेत. एक जण म्हणाला, "सर, तुम्ही बोर्डात जास्त तरुण वाटता." मी म्हटलं, "बोर्डातच ठेवा मग मला." हशा झाला.

एक किरकोळ गोष्ट आहे. त्या जागा गेल्या.

म्हणजे असं की, आवाज साफ करताना यंत्र शांतता आपोआप कापतं. मी ओळ म्हणतो आणि तिला चिकटून पुढची. मधे श्वासही नाही. पहिल्या तासाला पोरांनी सवयीनं तोंडं उघडली, 'नावाड्या रे' म्हटलं, तोवर बोर्डातला मी काठावरच्या दिव्यांपर्यंत पोचलो होतो. दोन-चारदा धावली बिचारी माझ्यामागे. मग बसली ऐकत.

कंपनीच्या मुलीला फोन केला. तिला वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. "काका, मी सांगितलं होतं हो, पण आवाज साफ करायचं काम पुढे दुसरीकडे होतं. मूळ रेकॉर्डिंग ठेवत नाहीत, जागा फार लागते." जागा फार लागते! मी म्हटलं, परत म्हणतो. तर म्हणे आता पुढच्या वर्षीच्या यादीत नाव द्यावं लागेल.

मी काय हार मानतोय? रिमोट हातात घेऊन मागे उभा राहिलो. ओळ आली की थांबव, पोरांना म्हणू दे, परत चालू कर. दोन दिवस वर्ग पुन्हा पहिल्यासारखा गाजला, टाचणीचा तो शेवटचा स्वर ऐकला, आणि मला वाटलं, जमलं! पण बोर्ड फार वेळा थांबवला की पडद्यावर एक हसरं घुबड येतं आणि विचारतं, 'कंटाळा आला का?' पोरं 'होऽऽऽ' म्हणतात. त्यात त्यांना कवितेपेक्षा जास्त मजा येते, आणि खरं सांगायचं तर मलाही एकदा हसू आलं.

शिवाय किती वेळा थांबवलं हे मोठ्या बाईंना दिसतं. त्यांनी बोलावलं.

"सर, तुमचाच आवाज आहे. तुम्हीच का सारखा थांबवता?"

मी समजावलं. त्या वाईट नाहीत रे. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पण सर, बाकीच्या वर्गांत तीच कविता दोन मिनिटांत होते. तुमच्याकडे अख्खा तास जातो. पोर्शन कसा संपायचा?"

रिमोट आता त्यांच्या कपाटात असतो. तास सुरू झाला की ऑफिसातून चालू करतात.

तुझ्याकडे हवा कशी आहे?

तुझा गवई


१८ मार्च

काटकोन,

मागच्या पत्रात 'फार छान चाललंय' असं लिहिलं होतं. ते खोड.

वर्ग गप्प झालाय. तू म्हणशील, कधीतरी हवाच होता तसा. तू पलीकडे असतास तर तुला चैन पडली नसती. भिंत ठोकून विचारलं असतंस, "गवया, मेलास की काय?"

टाचणीचा आवाज मी कित्येक दिवसांत ऐकलेला नाही. हजेरीला ती नुसता हात वर करते. आधी सगळ्यांबरोबर कविता म्हणून झाली की तो सूर तासभर तिच्याजवळ राहायचा. मधल्या सुटीत मैत्रिणींशी अडत अडत का होईना, बोलायची. आता डबाही एकटी खाते.

काल तिची आई आली होती. कपडे शिवते, गळ्यात टेप तसाच होता, गडबडीत काढायचा राहिला असावा. बाकाच्या कडेला बसली.

"सर, बोर्डासमोर तोंडी परीक्षा आहे म्हणे. एकेकीची."

"हो."

"ती घरी माझ्याबरोबर म्हणते की सगळं. मी मशीन चालवते, ती म्हणते, मी म्हणते. मी गप्प झाले की तीही गप्प. मी येऊन उभी राहू का तिच्याशेजारी? काही सांगणार नाही तिला. नुसती बरोबर म्हणीन."

मी तिला घेऊन बाईंकडे गेलो. बाई म्हणाल्या, "बोर्ड सगळ्या मुलांना सारखाच ऐकतो, सर. कोणावर अन्याय नाही."

"म्हणून तर आलोय," मी म्हटलं. "हिला सारखं ऐकून भागणार नाही."

"एकीला सवलत दिली तर उद्या सगळे पालक माझ्या दारात."

आईनं टेप गळ्यातून काढला, गुंडाळला, आणि "बरं" म्हणाली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

पण मी एक ठरवलंय. परीक्षेला वर्गात मी असणारच, शिस्तीसाठी. शाळा सुटली की मी आणि टाचणी जिन्याखाली बसतो आणि नावाडी म्हणतो. दोघं मिळून. मी आवाज रोज थोडा कमी करत नेतो. काल मी नुसते ओठ हलवत होतो आणि तिनं पहिलं कडवं पुरं केलं! मग तिच्या लक्षात आलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सायकल शिकवताना मागून धरलेला हात सोडला होता. परीक्षेच्या दिवशी मी मागे उभा राहीन, तिच्या नजरेसमोर, आणि अगदी लागलंच तर हलक्या आवाजात धरीन. बोर्डाला कुठं ऐकू येतंय!

तू गणितात हे मांडलं असतंस तर उत्तर आलं असतं ना?

गवई


६ एप्रिल

काटकोन,

परीक्षा झाली.

टाचणीनं केसांना नवी रिबीन लावली होती, आईनं कशाच्या तरी उरलेल्या कापडातून शिवलेली. नाव पुकारल्यावर ती उठली, बोर्डासमोर काढलेल्या पिवळ्या ठशावर नीट पाय जुळवून उभी राहिली. बोर्डाकडे तोंड, म्हणजे माझ्याकडे पाठ. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, बघ. जिन्याखाली आम्ही समोरासमोर बसायचो.

बोर्ड उजळला. माझा आवाज म्हणाला, "घाई नको."

तिनं श्वास घेतला. 'ना' आला. मग पुन्हा 'ना'. मग काही नाही. मान ताणली गेली.

"पुन्हा म्हण, बाळा."

फार मायेनं म्हटलं होतं रे मी ते. ती कंपनीची मुलगी म्हणाली होती तसंच, मायेनं.

'ना.'

"पुन्हा म्हण, बाळा."

मागून कोणीतरी हळूच नक्कल केली, "पुन्हा म्हण, बाळा." वर्गात हशा फुटला. मी डोळे वटारले, पोरं गप्प बसली, पण बोर्ड कसा बसणार? तो दर थोड्या वेळानं म्हणतच राहिला. कधी या तऱ्हेनं, कधी त्या. त्याच्याकडे तीन-चार होत्या.

मग मला राहवलं नाही. मी मागून धरलं, अगदी हलकं, 'नावाड्या रे, हळू वल्हव...'

आणि ती आली! काटकोन, ती आली माझ्याबरोबर. 'पाणी आत्ता निजले', एक अक्षर न अडता, तोच आवाज. मला वाटलं, निघाली नाव. 'काठावरचे दिवे कुणाचे...'

"एका वेळी एकानंच बोलायचं," बोर्ड म्हणाला. म्हणजे मीच म्हणालो.

पडदा लाल झाला. तिच्या नावापुढे फुली आली आणि यादीतल्या पुढच्या पोराचं नाव आलं. आणखी एकाचा आवाज लागला तर परीक्षा रद्द होते, हे सूचनांत लिहिलेलं होतं. मी वाचल्या नव्हत्या. कविता जन्मभर शब्दन् शब्द वाचल्या, सूचना कधी नाही.

ती ठशावरून हलली नाही. पुढचा पोरगा येऊन शेजारी उभा राहिला, त्यानंच तिला हळू बाजूला केलं. जागेवर जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तरी चाललं असतं.

बाईंनी मला नंतर समजावलं की पुढच्या वर्षी पुन्हा संधी मिळेल, तोवर काही चिंता नको.


३० एप्रिल

प्रिय काटकोन,

शाळा संपली. माझी.

निरोपाला पेढ्याऐवजी मला माझाच आवाज दिला. पेढ्यांचं मनावर घेऊ नकोस, माझी साखर वाढलीय हे सगळ्यांना माहीत आहे. हॉलमध्ये बोर्ड आणला आणि 'नावाडी' लावली. मी खुर्चीत हार घालून बसलो होतो. पहिली ओळ झाली आणि माझं तोंड आपोआप उघडलं. इतक्या वर्षांची सवय. पण तोवर दुसरी ओळ आली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "सर कुठेही जात नाहीत, सर इथेच आहेत." त्या बोर्डाकडे बघून बोलत होत्या, पण मनापासून.

बाहेर व्हरांड्यात टाचणी आईबरोबर उभी होती. दाखला न्यायला आल्या होत्या. तिला आता दुसरीकडे घालणार, जिथे तोंडी परीक्षा नाही. शिवणाचा वर्ग आहे म्हणे, हात चालले की झालं. आई मला नमस्कार करत होती. मी टाचणीला म्हटलं, "काय गं, जाणार का आम्हाला सोडून?"

तिनं तोंड उघडलं. खरंच काहीतरी सांगायचं होतं तिला, डोळ्यांत दिसत होतं. पहिलं अक्षर अडलं. आणि मी, मूर्ख, जसं प्रत्येक पोराला म्हणत आलो तसं म्हणालो, "घाई नको."

तिचं तोंड मिटलं. पेटीचं झाकण मिटावं तसं. ती आईच्या मागे सरकली आणि माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या मागच्या भिंतीकडे पाहत राहिली.

आई म्हणाली, "लाजते हो." आम्ही दोघांनी ते खरं मानलं.

तेव्हापासून मी फारसा बोलत नाही. दूधवाल्याला खुणेनंच सांगतो. त्याला वाटतं माझा घसा बसलाय, रोज हळद घ्या म्हणतो. घरात कविता म्हणावीशी वाटते, संध्याकाळी फार वाटते, पण पहिला शब्द ओठांवर आला की तो आवाज ऐकू येतो आणि त्यापुढे कुणाचं तरी मिटलेलं तोंड दिसतं. म्हणून नुसतं पुस्तक उघडून बसतो. चालीशिवाय कविता फार लहान असते, दोन मिनिटांत होते. बाई खरंच सांगत होत्या.

काल वहिनींचा फोन आला. तू झोपला होतास म्हणाल्या, या वेळी खरंच असेल, खोकणं नव्हतं. मी विचारलं, "माझी पत्रं मिळतात ना?" त्या म्हणाल्या, "मिळतात हो. टेबलावर असतात." "वाचतो का?" त्या म्हणाल्या, "रोज टेबल पुसताना उचलतात, पुसून झालं की परत तिथेच ठेवतात. नीट, कोपऱ्याला कोपरा लावून."

काटकोनात. मला हसू आलं.

तेव्हा हेही तसंच राहील, हे मला ठाऊक आहे. माझ्या पत्रांवर एक पत्र आणखी, कडा जुळवून. तुझ्या खडूंची पेटी माझ्याकडे आहे, त्यातला एकही मी वापरला नाही. लिहायला आता भिंतच उरली नाही.

कागदाची खालची अर्धी बाजू कोरी ठेवतोय. काही सांगायचं राहिलंय असं नाही. आपली ओळ म्हणून झाली की थांबायची सवय आहे, एवढंच.

तुझा
गवई